माणूस शेतीला कसा लागला

गेल्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर भाच्यानं एक रील टाकलं, "शेती ही मानवजातीची सर्वात मोठी चूक", मागे धडाधड म्युझिक, एक पिळदार माणूस हरणामागे पळतोय आणि पुढच्याच सीनला चिखलात वाकून रोपं लावणारी बाई. भाचा सध्या पॅलिओ डाएटवर आहे, म्हणजे पोळी-भात-वरण बंद, आदिमानव खायचा तेवढंच खायचं. (आदिमानव प्रोटीन पावडरचा डबा कुठून आणायचा असं मी विचारलं, निळी टिक आली, उत्तर नाही.) मग औशाला शेती करणाऱ्या काकांचा मेसेज आला, "चूक आहे ते आम्हाला माहितीय. सोडायची कशी ते सांगतंय का रीलमध्ये?"

रीलमध्ये ते नव्हतं. पण काकांचा प्रश्न दहा हजार वर्षं जुना आहे आणि शेतीची गोष्ट कळायची असेल तर तोच प्रश्न हातात धरून चालावं लागतं. कारण शाळेत ऐकलेली गोष्ट (एका बाईनं झोपडीपाशी बी सांडलं, कोंब आला, आयडिया सुचली, झाली शेती सुरू) आणि रीलमधली गोष्ट (मजेत जगणाऱ्या माणसाला दुर्बुद्धी सुचली) या दोन्हींत गडबड एकच आहे, दोन्हींत कोणीतरी एके दिवशी बसून ठरवलंय. प्रत्यक्षात ठरवलं कोणीच नाही.

आधी दोन-तीन शब्द क्लिअर करू

शिकारी-संकलक म्हणजे शिकार, मासे, कंदमुळं, फळं, बिया यांवर जगणारी आणि बहुतेक वेळा फिरती असलेली माणसं. नवाश्मयुग म्हणजे घासून गुळगुळीत केलेल्या दगडी हत्यारांचा आणि पहिल्यावहिल्या शेतीचा काळ. आणि तिसरा शब्द माणसाळवणं. बैल-कुत्रा माणसाळवला हे आपल्याला पटकन कळतं, तसंच झाडाचंही होतं, पिढ्यान् पिढ्या माणसाच्या हाताखाली राहून ते मूळ रानटी जातीपेक्षा इतकं बदलतं की त्याचं आता आपल्याशिवाय भागत नाही आणि आपलं त्याच्याशिवाय.

आता काळाचा अंदाज. आपली जात, म्हणजे आपल्यासारखी माणसं, साधारण ३ लाख वर्षांपासून आहेत आणि शेतीचे सगळ्यात जुने धागेदोरे गेल्या १२ हजार वर्षांतले. हा सगळा काळ डेक्कन क्वीनमध्ये बसवा. पुण्याला गाडीत बसलात, लोणावळा गेलं, घाट उतरला, कर्जत, कल्याण, ठाणं सगळं मागे पडलं, कटलेट खाऊन झालं, दादर सुटलं, तेव्हा कुठे शेती गाडीत चढते. सीएसएमटी म्हणजे आज. त्याआधीचा सगळा प्रवास शेतीशिवाय झालेला आहे.

मग काय, बी पेरलं की उगवतं हे त्यांना माहीतच नव्हतं?

हे सगळ्यांना आधी वाटतं आणि हे साफ चुकीचं आहे. जी माणसं रोज झाडाझुडपांवर जगतात त्यांना बी म्हणजे काय हे माहीत नसणं शक्यच नाही. आपल्याकडेच बघा ना, जून-जुलैत ठाणे-रायगडच्या बाजारात कातकरी, ठाकर बायका शेवळं, कुर्डू, करटोली, टाकळा घेऊन बसतात. शेवळाची भाजी करताना सोबत काकडं का घालायचे, नाहीतर घसा कसा खाजतो, कडू कंद किती वेळा उकळून पाणी फेकायचं, कुठला कंद कुठल्या महिन्यात खणायचा हे त्यांना जेवढं कळतं त्याच्या दहावा हिस्साही मला कळत नाही आणि मी बॉटनी शिकलोय.

पुरावाही आहे. इस्राएलमध्ये गॅलिलीच्या समुद्राकाठी (नाव समुद्र, प्रत्यक्षात गोड्या पाण्याचं तळं) ओहालो नावाची जागा आहे, १९८९ मध्ये दुष्काळानं तळ्याचं पाणी खूप खाली गेलं तेव्हा ती उघडी पडली. २३ हजार वर्षांपूर्वीच्या काटक्या-गवताच्या झोपड्या, आत रानटी सातू (म्हणजे जव, बार्ली) आणि रानटी गव्हाचे जळके दाणे, धान्य वाटायचा दगड, शंभराहून जास्त जातींच्या बिया. काही अभ्यासकांना तिथे शेतात माजणाऱ्या तणांचं बीसुद्धा दिसलं, म्हणजे थोडंफार लावून बघायचे असं त्यांचं म्हणणं. जॉर्डनमध्ये शुबायका म्हणून जागा आहे, तिथल्या चुलीत १४ हजार ४०० वर्षांपूर्वीच्या भाकरीचे जळके तुकडे सापडले, रानटी धान्याच्या पिठाचे. तिथल्या शेतीच्या निदान तीन-चार हजार वर्षं आधी! भाच्याला हे पाठवलं. पॅलिओ माणूस भाकरी खायचा, आणि करपवायचासुद्धा.

मग एवढी वर्षं थांबले कशाला?

दोन गोष्टी. पहिली, गरज नव्हती. १९६० च्या दशकात जॅक हार्लन नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ तुर्कस्तानात गेला, तिथे डोंगरउतारांवर रानटी गहू अजूनही आपोआप उगवतो. त्यानं गारगोटीच्या पात्याचा विळा करून घेतला आणि स्वतः कापायला उभा राहिला. तासाला साधारण किलोभर स्वच्छ दाणा निघाला. त्यानं हिशोब मांडला की पीक तयार झाल्यावर उताराच्या खालून वर वर सरकत एखादं कुटुंब तीनेक आठवडे कापत राहिलं तर वर्षभर खाऊन उरेल एवढं धान्य जमतं. ना नांगरणी ना पेरणी ना खुरपणी. असं फुकटात मिळत असताना कोण कशाला शेत करेल?

दुसरी गोष्ट हवामान. ११ हजार ७०० वर्षांपूर्वीपर्यंत हिमयुग चालू होतं, थंडी तर होतीच पण त्याहून वाईट म्हणजे हवामानाचा भरवसा नव्हता, अधूनमधून अचानक उबदार, अचानक परत गार. आज आपल्याला चार वर्षं पाऊस इकडचा तिकडे झाला तर पेरणीचं वेळापत्रक कोलमडतं, तिथे शेकडो-हजारो वर्षं असंच. शिवाय हवेत कार्बन डायऑक्साइड आत्तापेक्षा बराच कमी, आणि झाडांचं ते जेवणच असल्यामुळे वाढही कमी. अशात पेरून, सहा महिने एका जागी बसून वाट बघणं म्हणजे जुगारच. हिमयुग संपल्यावर मात्र हवामान बऱ्यापैकी स्थिरावलं आणि मग एकमेकांची गंधवार्ताही नसलेल्या लोकांनी ठिकठिकाणी हेच सुरू केलं, पश्चिम आशियात गहू-सातू, चीनमध्ये भात आणि राळा, न्यू गिनीत केळी आणि अळू, मेक्सिकोत भोपळा आणि मका, पुढे अँडीज डोंगरात बटाटा. सगळीकडे एकाच वर्षी नाही, हजारो वर्षांच्या फरकानं, पण सगळं हिमयुगानंतरच. म्हणून कुणा एका हुशार बाईची किंवा बाप्याची आयडिया हे पटत नाही, एवढ्या ठिकाणी एकच आयडिया कशी सुचेल?

सोयाबीन फुटतं तेव्हा

आता खरी गंमत, आणि ही शेतकऱ्याला एका वाक्यात कळते, शहरातल्यांना जरा समजावून सांगावी लागते.

दोन वर्षांपूर्वी काकांचं सोयाबीन काढणीला आलं आणि मजूर मिळेना. चार दिवस गेले, वर कडक ऊन. पाचव्या दिवशी दुपारी बांधावर उभं राहिलं तर शेतातून तट् तट् असा आवाज, शेंगा आपोआप फुटत होत्या आणि दाणे मातीत. काका काही बोलले नाहीत, खाली बसून नुसते दाणे वेचत राहिले. तिळाचं तर त्याहून नाजूक असतं, बोंडं उघडायच्या आत कापून पेंढ्या उभ्या करून ठेवाव्या लागतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीनं हे नुकसान. झाडाच्या दृष्टीनं मात्र फुटणं हेच तर काम आहे, बी सांडलं नाही तर पुढची पिढी कुठून येणार? रानटी गव्हाची ओंबी पिकली की वाऱ्यानं, धक्क्यानं तुकडे तुकडे होऊन गळते, ओंबीच्या मधल्या कण्याला सांधे असतात ते सुटतात. पण लाखो झाडांत एखादं झाड बिघडलेलं निघतं. त्याचे सांधे सुटत नाहीत, ओंबी पिकून वाळली तरी तशीच धरून राहते. रानात अशा झाडाचा वंश बुडालाच म्हणून समजा.

आणि तिथे माणूस विळा घेऊन येतो. तो कापायला लागला की धक्का बसतो, नॉर्मल ओंब्यांतले बरेच दाणे खाली सांडतात आणि त्या 'बिघडलेल्या' झाडाचा दाणा न् दाणा टोपलीत येतो. माणसानं निवडलं नाही, त्याला माहीतही नाही, पण घरी आलेल्या धान्यात न सांडणाऱ्याचा वाटा रानातल्यापेक्षा किंचित जास्त झाला. त्यातलंच मूठभर बी त्यानं पुढच्या वर्षी नव्या जागी टाकलं की तिथे वाटा अजून वाढतो. असं दरवर्षी. शेवटी शेतात जवळपास सगळं पीक न सांडणारं होतं आणि आता त्या पिकाला माणसानं कापून, झोडपून, परत पेरल्याशिवाय जगता येत नाही. झालं माणसाळवणं. आपण खातो तो गहू म्हणजे त्या बिघडलेल्या झाडाची पोरंबाळं.

मसूर-वाटाण्याचं आणखी वेगळं. रानटी मसुरीचं सगळं बी एका वर्षी उगवतच नाही, बरंचसं जमिनीत झोपून राहतं, एखादं वर्ष दुष्काळी गेलं तरी वंश शिल्लक राहावा म्हणून. रानासाठी शहाणपणाचं, पण पेरणाऱ्याच्या कपाळी दुबार पेरणी. तेव्हा पेरलं की लगेच उगवणाऱ्या दाण्याचंच पीक हाती येत गेलं आणि हळूहळू ही झोप गेली.

म्हणजे हे फटाफट झालं असणार?

असंच वाटायचं. गॉर्डन हिलमन आणि स्टुअर्ट डेव्हिस या दोन अभ्यासकांनी १९९० मध्ये प्रयोग आणि गणित करून दाखवलं की सगळं नीट जुळून आलं तर न सांडणारा गहू वीस-तीस वर्षांत, फार तर दोनशे वर्षांत शेत व्यापेल. म्हणजे आजोबानं सुरू केलं, नातवानं संपवलं. पण जुन्या वस्त्यांतले जळके दाणे आणि ओंब्यांचे सांधे मोजायला घेतले तेव्हा भलतंच निघालं. सीरिया-तुर्कस्तानच्या भागात न सांडणाऱ्या ओंब्यांचं प्रमाण वाढायला दोन-तीन हजार वर्षं लागली! कारण माणसं काय फक्त विळ्यानंच कापत बसली नव्हती. कोणी ओंबी टोपलीत झटकून घ्यायचे, कोणी सांडायच्या आत हिरवटच कापायचे, कोणी खालचं वेचायचे, पेरलेलं बुडालं की रानातून परत रानटी बी आणायचे. शिकार चालू, मासे चालू, बदाम-पिस्ते गोळा करणं चालू, त्यात थोडंसं पेरून ठेवणं, नोकरी करून शनिवार-रविवार गावाकडचं शेत बघणाऱ्यांसारखं. फरक एवढाच की हा जोडधंदा शंभरएक पिढ्या चालला. गॉर्डन चाइल्ड या पुरातत्त्वज्ञानं १९३० च्या दशकात 'नवाश्मयुगीन क्रांती' हा शब्द दिला आणि तो चिकटला, पण ज्या क्रांतीत जगणाऱ्या एकालाही क्रांती चालू आहे हे कळलं नसेल तिला क्रांती म्हणणं मला तरी जड जातं.

(हे जळके दाणे सापडतात कसे? फार सोपं आहे. तांदूळ धुताना कोंडा वर येतो ना, तसंच. खोदलेली माती पाण्यात ढवळायची, दगडमाती खाली बसते, कोळसा झालेलं बी हलकं म्हणून तरंगतं, ते चाळणीनं उचलायचं आणि सावलीत वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. न जळलेलं बी कधीच कुजून गेलेलं असतं. तेव्हा आपल्याला जे काही कळतं ते त्या काळच्या बायकांच्या हातून चुलीत सांडलेल्या आणि करपलेल्या दाण्यांमुळे.)

गुडघे, पाठ आणि पायाचे अंगठे

सीरियात फरात (युफ्रेटिस) नदीकाठी अबू हुरेरा नावाचं गाव होतं. १९७२-७३ मध्ये तिथे घाईघाईनं उत्खनन झालं कारण खाली धरण होत होतं आणि गाव पाण्याखाली जाणार होतं, आपल्याकडे जायकवाडी झालं त्याच दशकातली गोष्ट. या एकाच जागेत आधी शिकारी-संकलकांची वस्ती आणि वरच्या थरात शेतकऱ्यांचं मोठं गाव असं दोन्ही सापडलं. खालच्या थरातली माणसं चिंकाऱ्यासारख्या हरणांची शिकार करायची आणि दीडशेवर प्रकारच्या खाण्यालायक वनस्पती त्यांच्या भोवती मिळत होत्या. वरच्या थरात जेवण चार-सहा पिकांवर आलं.

तिथले सांगाडे थिया मॉलेसन या ब्रिटिश बाईंनी तपासले. बायकांच्या हाडांमध्ये त्यांना ठराविकच बिघाड दिसायला लागला, पाठीच्या कण्याचे खालचे मणके दबलेले, गुडघ्याच्या हाडावर जादा वाढ, आणि पायाच्या अंगठ्याचा सांधा झिजलेला. अंगठाच का? कारण गुडघे टेकून, पायाची बोटं मागे मुडपून, त्यांच्यावर जोर देत पुढे-मागे, पुढे-मागे दगडावर दगड घासायचा. आपल्या गोल जात्याचा शोध लागायला अजून हजारो वर्षं होती, तेव्हाचं दळण म्हणजे जमिनीवर ठेवलेला पाटा-वरवंटा, आणि त्यावर चटणी नाही तर अख्ख्या घराचं पीठ, रोज काही तास. दातही झिजलेले, काही तुटलेले, पिठातली कच आणि खडे चावून.

माझी आजी जात्यावर एक पाय पसरून बसायची. तिचे गुडघे पन्नाशीतच गेले, आम्ही ते वयावर ढकललं.

बाकी ठिकाणीही चित्र साधारण असंच. शेती आल्यावर कित्येक भागांत माणसांची उंची घटली, दात किडायला लागले (पिठाळ जेवण), हाडांवर कुपोषणाच्या खुणा वाढल्या. एका जागी दाटीनं राहायला लागल्यावर स्वतःचाच कचरा, स्वतःचीच घाण, जनावरं दारात, साठवलेल्या धान्यावर उंदीर, रोगराईला आणखी काय पाहिजे. त्या मानानं भाच्याचं रील अगदीच खोटं नाही.

पण मग शिकारीचं आयुष्य म्हणजे पिकनिक होतं का? तेही नाही. १९६० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड ली यांनी आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातल्या कुंग या शिकारी-संकलक लोकांचा अभ्यास केला, आठवड्याला साधारण पंधरा-वीस तासांत अन्न गोळा होतं असा आकडा आला आणि तो जगभर गाजला. नंतर लोकांनी विचारलं की अहो, सोलणं, फोडणं, शिजवणं, लाकडं आणणं, हत्यारं करणं हे धरलंय का? ते धरलं की तास दुपटीच्या आसपास जातात. आणि लहानपणीच मरणाऱ्या मुलांचं प्रमाण तिथेही भयंकर होतं. रील बनवणारा पहिलाच आकडा उचलतो, कारण दुसऱ्यावर म्युझिक बसत नाही.

एवढा त्रास होता तर सोडून का नाही दिलं?

आले काकांच्या प्रश्नावर. याचं उत्तर मला मराठवाड्यातल्या बोअरवेलमध्ये दिसतं.

गावात सगळ्यांच्या विहिरी होत्या, पन्नास-साठ फुटांवर पाणी. एकानं दोनशे फुटांचं बोअर मारलं. त्याचं चुकलं का? अजिबात नाही, त्या वर्षी त्याचं पीक वाचलं. मग शेजाऱ्यानं मारलं, मग सगळ्यांनी. विहिरी आटल्या. मग चारशे फूट, मग सहाशे, मग हजार. प्रत्येक पायरीवर प्रत्येक माणूस शहाणपणानंच वागला आणि शेवटी सगळं गाव कर्जात, आणि परत विहिरीवर जावं म्हटलं तर विहिरीला पाणीच नाही. बरं, ज्याला विहीर बांधता यायची, तिचा झरा कुठे लागेल हे कळायचं, तो म्हाताराही गेलेला.

शेतीचं तसंच झालं. रानटी धान्य भरपूर मिळतंय म्हणून माणसं एका जागी जास्त दिवस राहायला लागली. फिरत्या बाईला एका वेळी एकच मूल कडेवर नेता येतं आणि ते बराच काळ अंगावर पितं, त्यामुळे दोन मुलांमध्ये साधारण चार वर्षांचं अंतर पडायचं. एका जागी घर झालं, धान्याची मऊ पेज मिळायला लागली की मूल लवकर सुटतं आणि पुढचं लवकर होतं, अंतर दोन-अडीच वर्षांवर. जन्मलेल्यांतली बरीच दगावली तरी एकूण माणसं वाढतातच. माणसं वाढली की आजूबाजूची शिकार संपते, म्हणून अजून थोडं पेरायचं. अजून पेरलं की राखण करायला लहान हातही उपयोगी, म्हणून मुलं ओझं वाटत नाहीत. चार-पाच पिढ्यांनी हिशोब करायला बसलं तर ज्या खोऱ्यात शंभर शिकारी जगत होते तिथे आता हजार शेतकरी आहेत. शिकारीवर परत जायचं तर त्यातल्या नऊशेंनी काय करायचं?

आणि बाहेर जाऊन वेगळं राहावं म्हटलं तर शेजारच्या खोऱ्यातही तेच. युरोपातल्या जुन्या सांगाड्यांच्या डीएनएवरून आता कळलंय की तिथल्या शिकाऱ्यांनी बहुतांशी बघून बघून शेती शिकली असं झालं नाही, तुर्कस्तानच्या बाजूनं शेतकरीच लेकरंबाळं-शेळ्यामेंढ्या घेऊन पसरत गेले आणि संख्येनं त्यांना झाकून टाकलं. शेतकरी जास्त सुखी नव्हते, जास्त होते.

सध्या एक वाक्य फार फिरतं, गव्हानंच माणसाला पाळलं म्हणून. ऐकायला भारी आहे पण त्यात परत तोच घोळ, कोणीतरी ठरवलं, माणसानं नाही तर गव्हानं. गवताला कसला आलाय प्लॅन.

बरं, हे सगळं तिकडचं. आपल्याकडे काय?

आपल्याकडचं सगळ्यात प्रसिद्ध ठिकाण म्हणजे मेहरगढ, बलुचिस्तानात बोलन खिंडीच्या पायथ्याशी, १९७० च्या दशकात झाँ-फ्रांस्वा जारिज यांच्या फ्रेंच टीमनं खोदलेलं. सातू, गहू, शेळ्यामेंढ्या आणि वशिंडवाली गाय. ती गाय आपल्याच उपखंडात माणसाळवलेली. मेहरगढचा काळ पुस्तकांत इ.स.पू. ७००० असा असतो, पण अलीकडे तिथल्या माणसांच्या दातांच्या इनॅमलवरून काढलेल्या तारखांनी तो बराच अलीकडे, इ.स.पू. ५२०० च्या आसपास ओढलाय, त्यामुळे जाणकारांत सध्या वाद आहे. आणि २०१९ मध्ये राखीगढीच्या (हरियाणातलं हडप्पाकालीन शहर) एका बाईच्या सांगाड्यातला डीएनए प्रसिद्ध झाला, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ वसंत शिंदे त्यात होते, तेव्हा टीव्हीवर चारी बाजूंनी आरडाओरडा झाला. शेतीपुरतं बोलायचं तर त्यातून एवढं निघालं की तिच्यात तुर्कस्तानकडच्या त्या पहिल्या शेतकऱ्यांचा अंश नव्हता. म्हणजे युरोपात झालं तसं शेतकऱ्यांचे लोंढेच्या लोंढे येऊन इथे शेती आली असं दिसत नाही. बियाणं मात्र आलंच, गहू-मसूर तिकडचेच. एका सांगाड्यावर किती बोलायचं हा प्रश्न आहेच.

आणि दख्खनचं स्वतःचंही काहीतरी आहे हां. मूग, उडीद, कुळीथ ही भारतातच माणसाळवलेली पिकं, दक्षिणेत कर्नाटकच्या बाजूला साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या गुराखी वस्त्यांत मूग-कुळीथ सापडतो. तुरीचे रानटी भाऊबंद ओडिशा-बस्तरकडे अजून आहेत. उलट ज्या ज्वारी-बाजरीला आपण आपली म्हणून छातीशी धरतो ती आफ्रिकेची, ज्वारी सुदानकडची, बाजरी सहाराच्या दक्षिण कडेची, नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. २०२३ चं मिलेट वर्ष साजरं करताना स्टेजवर कोणी हे बोललेलं मी ऐकलं नाही. पिठलं-भाकरीत पिठलं कुळथाचं असेल तर ते इकडचं, भाकरी तिकडची, आणि ठेच्यातली मिरची तर पोर्तुगीज आल्यानंतरची.

परत फिरलेलं कोणी आहे का?

आहे. आणि पुण्यापासून फार लांबही नाही.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी लांबलचक वर्षं तिथे उत्खनन केलं, सांकलिया, अन्सारी, धवलीकर या पुरातत्त्वज्ञांनी. इ.स.पू. १६०० च्या सुमाराला तिथे शेतकरी येऊन राहिले आणि नऊशे वर्षं राहिले. शंभराहून जास्त घरं उकरून निघाली. त्यांचं मुख्य पीक ज्वारी नव्हे, सातू. नदीच्या पुराचं पाणी वळवायला त्यांनी पाट खणला होता, बाजूला दगड-चिखलाचा बांध घातला होता. सरदाराचं म्हणून ओळखलेलं पाच खोल्यांचं घर आणि त्याला लागून धान्याचं कोठार, म्हणजे सोसायटीची चावी कोणाकडे हे तेव्हाही ठरलेलं होतं. तान्ही मुलं गेली की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. मोठ्या माणसांना पुरताना बऱ्याचदा पावलं घोट्यापासून तोडलेली, कदाचित मेलेल्यानं उठून कुठे जाऊ नये म्हणून.

इ.स.पू. १००० नंतर तिथलं चित्र बदलतं. मोठी चौकोनी घरं जातात आणि लहान गोल झोपड्या येतात. सातू कमी होतो, शेळ्यामेंढ्या आणि रानातल्या शिकारीवरची भिस्त वाढते. धवलीकरांनी याचं कारण सततचा दुष्काळ असं मांडलं, पुढे काही अभ्यासकांनी त्यावर शंका घेतल्या, पण लोकांनी जगायची पद्धत अर्ध्यावर मागे फिरवली एवढं थरांमध्ये दिसतं. दोन-तीनशे वर्षं असं काढून इ.स.पू. ७०० च्या सुमाराला गाव उठलं. फिरस्ते झाले असावेत.

हे सगळं मी काकांना फोनवर सांगितलं, पाटासकट, कोठारासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग त्यांच्या जमिनीचं काय झालं?"

म्हटलं, आता त्या भागात ऊस आहे.

"कॅनॉलचा का बोअरचा?" काका म्हणाले.